जाखडीचा रिमिक्स: खोलीत छान वाजतो, मांडवात मृदंग आणि शब्द दोन्ही बुडतात. मिक्सवर नेमका अभिप्राय हवा

खाडीपलीकडे (गुहागर)

नमस्कार मंडळी. गणपतीतल्या जाखडीच्या एका गाण्याचा रिमिक्स करतोय. २ मिनिटं ४० सेकंदांचा तुकडा जोडला आहे. "बरं वाटतंय" यापेक्षा पुढचं काही हवं आहे, म्हणून सगळी माहिती देतो.

मूळ रेकॉर्डिंग हातात मावणाऱ्या स्टीरिओ रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डर अंगणात, मृदंगापासून सुमारे सहा फुटांवर होता. गाणं काळी १ मध्ये, पण साधारण २० सेंट चढं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). लय मिनिटाला ९२ ठोक्यांवर सुरू होऊन शेवटी ११८ पर्यंत जाते, ती मी ताणून सगळी १०४ वर बसवली. मिक्स रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. गाणं फोडणाऱ्या डेमक्सने आवाज (म्हणजे गायन), ड्रम्स, बेस आणि अदर (बाकीचं) असे चार भाग काढले, त्यातले आवाज आणि ड्रम्स ठेवले. वर नवीन किक, सब-बेस (अगदी खालचा बेस), पॅड (लांब धरलेले सूर) आणि हायहॅट. झील (साथीदारांचं गाणं) रुंद वाटावी म्हणून डाव्या-उजव्यात १५ मिलिसेकंदांचा फरक ठेवला. मास्टरवर लिमिटर आहे, तो ७ डीबीपर्यंत दाबतोय. लाउडनेस मीटरवर उणे ७.५ एलयूएफएस (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं मोठं).

मिक्स १० बाय १२ फुटांच्या चिऱ्याच्या खोलीत, पाच इंची मॉनिटरवर केला. खुर्ची खोलीच्या मध्यावर.

मंडळाच्या सेटवर (दोन अठरा इंची बेस, दोन टॉप) लावलं तेव्हा ०:४८ पासून किक नुसती घोंघावते. मृदंग जवळजवळ नाहीसा होतो, झील पोकळ लागते, आणि शाहिरांचे शब्द आत-बाहेर होतात. आवाजाचा फेडर वर केला की झांज कानाला लागते. सुरुवात कुठून करू?

---

पांढरी चार (रत्नागिरी)

तीनदा ऐकलं: हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि सगळं मोनो करून. जे जमलंय ते आधी सांगतो, म्हणजे दुरुस्तीच्या नादात ते बिघडणार नाही. ०:२२ ला शाहिरांचा आवाज एकटा येतो आणि पॅड त्याच्याखाली हळूहळू भरत जातो, ती जागा सुंदर आहे. पॅडला २५० हर्ट्झच्या खाली काहीच ठेवलेलं नाही, म्हणून ती इतकी स्वच्छ लागते. तिला हात लावू नका.

शब्द आत-बाहेर होतात ते मास्टरच्या लिमिटरमुळे. लिमिटर सगळा मिक्स एकत्र दाबतो. किकचा ठोका वर डोकं काढतो, त्याला दाबताना त्याच क्षणीचे शब्दही दाबले जातात. १०४ लयीत दोन ठोक्यांमध्ये ५७७ मिलिसेकंद असतात. तुमची किक जवळजवळ ४०० मिलिसेकंद घुमत राहते, म्हणजे लिमिटर मोकळा होईस्तोवर पुढचा ठोका हजर. लिमिटर आधी काढून टाका. सगळे फेडर खाली घेऊन मास्टरचं शिखर उणे ६ डीबीवर आणा.

आता किक इतकी मोठी का झाली, ते पाहू. खोलीच्या लांबीने ठरणारा सर्वांत खालचा सूर काढायचा तर आवाजाचा वेग (सेकंदाला सुमारे ३४३ मीटर) भागिले लांबीची दुप्पट. १२ फुटांचा सूर येतो ४७ हर्ट्झ, १० फुटांचा ५६. या दोन्ही सुरांचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो, आणि तुमची खुर्ची नेमकी तिथेच आहे. तुमच्या किकचा मूळ सूर मला स्पॅनवर (कुठला सूर किती आहे ते दाखवणारा मीटर) ५२ च्या आसपास दिसतो, म्हणजे दोन खड्ड्यांच्या मधोमध. त्यात पाच इंची स्पीकरचा आवाज तिथे उतरायला लागलेला असतो. किक ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ती वाढवत गेलात, आणि अठरा इंची बेसने ती सगळी वाढ प्रामाणिकपणे बाहेर काढली.

म्हणून स्पीकर १० फुटी भिंतीकडे लावा, तोंड १२ फुटी लांबीच्या दिशेने. खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणा. गोधड्या टांगल्या तर झांजेचा झणझणाट कमी होईल, पण खालच्या सुरांना त्यांचा काही उपयोग नाही. कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या तर थोडा फरक पडतो. पावसाळ्यात त्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, चिऱ्याला टेकवल्या तर बुरशी धरतील.

खुर्ची हलवल्यावर किक ५ डीबी खाली घ्या आणि तिची लांबी १५० मिलिसेकंदांवर आणा. बाकी काहीही करण्याआधी एवढं करून ऐका. जुनं आणि नवं ताडून पाहताना दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करा. नाहीतर जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

---

धूम आणि चाट (संगमेश्वर)

मी फक्त मृदंगाबद्दल बोलतो.

मृदंग किकने झाकलाय हे खरं, पण निम्मा मृदंग तुमच्या मिक्समध्ये नाहीच. डेमक्सला ड्रमसेट ओळखता येतो, मृदंग नाही. चाट (लहान तोंडाचा कडक बोल) तो ड्रम्समध्ये टाकतो, पण धुमाला (मोठ्या तोंडाचा खर्ज बोल) सूर असतो आणि ती घुमत राहते, म्हणून तिचा मोठा भाग बेसच्या ट्रॅकमध्ये जातो. तुम्ही नवीन सब-बेस घातला आणि जुना बेसचा ट्रॅक बंद केला. तो ट्रॅक एकटा वाजवून पाहा, धूम तिथे सापडेल. घुंगरूही असेच ड्रम्स आणि अदरमध्ये वाटले गेलेत. १:१० ला नाचणारे पाय आपटतात तिथे घुंगरांचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा लागतो, तो त्यामुळेच.

चार तुकडे पुन्हा जोडत बसू नका. मूळ, न फोडलेलं रेकॉर्डिंग पाया म्हणून ० वर ठेवा. डेमक्सचा आवाजाचा ट्रॅक त्याच्या जोडीला ६ डीबी खाली लावा. दोन्ही एकाच वेळेवर असतील तर गायकाचा आवाज साडेतीन डीबीने उठतो, आणि डेमक्सची खरखर मुळाखाली झाकली जाते. अट एकच: दोन्ही ट्रॅकना ताण अगदी सारखा हवा. एकाला ताणलं आणि दुसऱ्याला वेगळं ताणलं, तर आवाज नळीतून आल्यासारखा होईल.

खरं म्हणजे ताणूच नका. ९२ चं १०४ करणं म्हणजे १३ टक्के पळवणं, ११८ चं १०४ करणं म्हणजे १२ टक्के मागे खेचणं. शेवटच्या भागात चाटेची धार गेली आहे. २:०५ ते २:२० ऐका, बोटांचे बोल एकमेकांत मिसळलेत. आणि जाखडीत लय चढते तेव्हाच फेर चढतो. ती सपाट केली तर गाण्यातली चढणच गेली.

रीपरमध्ये ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम' करा, म्हणजे टेम्पो बदलला तरी रेकॉर्डिंग जागचं हलणार नाही. मग दर चार आवर्तनांनी समेवर एक टेम्पो मार्कर ठेवा. एवढ्या तुकड्याला पंधरा-वीस पुरतात. जिथे शाहीर गाणं थांबवून नुसता मृदंग बोलतो तिथे दर आवर्तनाला ठेवा, कारण तिथे लय एकदम उडी घेते. तुमची किक आणि पॅड मिडीवर (रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे, सुरांची नोंद) असतील तर ते आपोआप मृदंगामागे चालतील.

हायहॅट काढून टाका. तो सरळ सोळाव्या भागांवर चालतो, आणि या रेकॉर्डिंगमध्ये घुंगरांचा दुसरा आणि चौथा भाग १५ ते २० मिलिसेकंद उशिरा पडतो. दोघे सतत भांडतात, त्यामुळे ठेका अडखळतो. हायहॅटचं काम घुंगरू आधीच करत आहेत.

---

खाडीपलीकडे (गुहागर)

बेसचा ट्रॅक सोलो केला. धूम खरंच तिथेच आहे! खुर्चीही हलवली आणि किक लगेच अंगावर आली. हायहॅट काढला.

दोन प्रश्न. मूळ रेकॉर्डिंग ० वर आणल्यावर धूम, किक आणि सब-बेस यांची गर्दी होते, जागा कशी वाटायची? आणि मुळात एक सततची गुणगुण आहे, आता ती जास्त ऐकू येते.

---

धूम आणि चाट (संगमेश्वर)

तुमच्या तुकड्यात धुमाचा सूर ९५ हर्ट्झच्या जवळ आहे. तो पाहुण्याने हलवायचा नाही, बाकीच्यांनी त्याच्याभोवती बसायचं. किक ५२ वर आहे ती तिथेच राहू द्या, फक्त ९५ ला तिला ४ डीबीचा खड्डा करा. सब-बेस तुम्ही काळी १ च्या खालच्या सप्तकात ठेवलाय, म्हणजे ३४.६ हर्ट्झ. तो एक सप्तक वर घ्या: ६९.३. गाणं २० सेंट चढं आहे म्हणून सिंथही २० सेंट चढवा, तो ७० च्या किंचित वर जाईल. पॅडलाही तेच. आत्ता ०:३१ ला पॅड आणि शाहीर एकमेकांना घासतात, कारण पॅड अजून शुद्ध काळी १ मध्ये आहे. बेसला थोडं सॅच्युरेशन द्या म्हणजे १४० आणि २१० ला त्याचे वरचे सूर उमटतील आणि फोनवरही तो ओळखू येईल.

मग बेसवर रीकॉम्प (रीपरचा कॉम्प्रेसर) लावून त्याचा डिटेक्टर ३/४ चॅनलवर ठेवा आणि तिथे किक पाठवा, म्हणजे किक आली की बेस दबेल. ॲटॅक ३ मिलिसेकंद, रिलीज १००, दाब ३ डीबीच्या वर नको. मूळ रेकॉर्डिंगवर असला कॉम्प्रेसर अजिबात लावू नका. किकसाठी मृदंग दबला तर पुन्हा होतो तिथेच येऊ.

---

मांडववाला (कुडाळ)

माका मांडवातल्या सेटाचा सांगूचा हा. बाकी सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो.

गुणगुण विजेची आहे. ५० हर्ट्झ, आणि त्याच्या पटीत १००, १५०, २००. जनरेटर डळमळला की ती थोडी खालीवर होते, म्हणून आधी स्पॅनमध्ये नेमका आकडा वाचा. मग अगदी अरुंद नॉच (एकाच सुरावरचा कट) लावा, क्यू ३० च्या पुढे (क्यू मोठा तितका कट अरुंद), १०० आणि १५० ला १२ डीबी. १०० चा नॉच रुंद ठेवलात तर ९५ ची धूम कापली जाईल. ५० ची गुणगुण काढण्यासाठी मूळ रेकॉर्डिंगला ६० वर हाय-पास करा (म्हणजे त्याखालचं कापा), धुमाच्या खाली तिथे कामाचं काही नाही. ती राहिली तर ५२ च्या किकशी मिळून सेकंदाला दोन वेळा फुगते, आणि पुष्कळ लोक त्याला किकचाच दोष समजतात.

झील पोकळ का, याचं उत्तर मोनोमध्ये आहे. मांडवातला सेट बहुतेक वेळा मोनोच चालतो. एकच आवाज १५ मिलिसेकंदांच्या फरकाने दोन बाजूंना ठेवून मोनोत मिळवला की ३३ हर्ट्झला खड्डा पडतो, आणि तिथून पुढे दर ६७ हर्ट्झला एक: १००, १६७, २३३... पुरुषी आवाजाच्या अंगावरच ही कंगव्याची दातं येतात. तो फरक काढा. रुंदी हवीच असेल तर झिलीवर स्टीरिओ रिव्हर्ब लावा: प्री-डिले २५ मिलिसेकंद, लांबी १.२ सेकंद, रिव्हर्बला ३०० खालून हाय-पास. मोनोत रिव्हर्ब कमी होईल पण मूळ आवाज शाबूत राहील. सब-बेस आणि किक १२० च्या खाली मोनोच ठेवा.

मास्टरवर ३५ हर्ट्झचा हाय-पास लावा, उतार २४ डीबी. अठरा इंची पेटी ३५-४० च्या खाली आवाज फारसा देत नाही, पडदा मात्र हलवत राहते आणि ॲम्पची ताकद खाते.

आणि घोंघावणं थोडं जागेचंही असू शकतं. ५२ हर्ट्झची लाट ६.६ मीटर लांब असते. दोन बेस मांडवाच्या दोन टोकांना ठेवले की ज्या जागी एक पेटी दुसरीपेक्षा ३.३ मीटर लांब पडते तिथे किक गायब होते, मधल्या पट्ट्यात मात्र दुप्पट होते. सेटवाल्याला दोन्ही बेस शेजारी शेजारी ठेवायला सांगा. टॉप वेगळे राहिले तरी चालतील. हे केल्याशिवाय मांडवात ऐकून किकचा फेडर ठरवू नका, उभे कुठे आहात त्यावर उत्तर बदलेल.

---

पांढरी चार (रत्नागिरी)

झांजेचं राहिलं होतं. झांज तुमच्या तुकड्यात ३.५ ते ५ किलोहर्ट्झला सर्वांत टोचते, आणि 'स', 'च', 'ट', 'क' कळायला तोच पट्टा लागतो. कायमचा कट लावला तर नुसत्या वाद्यांच्या जागा मेल्यासारख्या होतील. शब्द असतानाच झांज मागे गेली पाहिजे.

रीपरमध्ये मूळ रेकॉर्डिंगच्या रीइक्यूत (रीपरचा इक्वलायझर) ४ किलोहर्ट्झला एक बँड घ्या, रुंदी सुमारे एक सप्तक. त्या बँडच्या गेनला पॅरामीटर मॉड्युलेशन लावा, 'ऑडिओ कंट्रोल सिग्नल' निवडा, चॅनल ३/४ वरून डेमक्सचा आवाज द्या आणि दिशा उणे ठेवा. ॲटॅक ५, रिलीज १५० मिलिसेकंद. शब्द आला की जास्तीत जास्त ४ डीबी खाली जाईल एवढंच. त्याहून जास्त केलं तर झांज श्वास घेतल्यासारखी वरखाली होताना ऐकू येते. डेमक्सच्या आवाजाच्या ट्रॅकवर १०० ला हाय-पास आणि ३०० ला २ डीबी कमी. ३ किलोहर्ट्झला काही वाढवू नका, फोडलेल्या आवाजाची खरखर तिथेच बसलेली असते.

---

शेवटचं कडवं (लांजा)

मिक्सबद्दल वरच्यांनी लिहिलंय. मी अभिप्राय कसा मागायचा आणि एका राहून गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिते.

पुढची आवृत्ती टाकताना फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि वेव्ह फाइलच. व्हॉइस नोट किंवा व्हिडिओ केला तर वरचा पट्टा कापला जातो आणि लोक झांजेबद्दल जे सांगतील त्याला अर्थ उरत नाही. ऐकणाऱ्याकडून चार गोष्टी मागा: कुठल्या सेकंदाला, कुठलं वाद्य, कशावर ऐकलं, आणि किती. "बेस जास्त आहे" याने काही करता येत नाही. "१:१०, फोनवर, झील शाहिरांच्या वर जाते" याने लगेच फेडर हलवता येतो. आकडा सुचवणारा चुकला तरी जागा बहुतेक बरोबर असते. म्हणून आधी जागा तपासा, उपाय आपला करा.

शब्दांसाठी एक साधी परीक्षा आहे. ज्यांनी हे गाणं कधी ऐकलेलं नाही अशा तिघांना तुकडा द्या आणि ऐकू येतील ते शब्द कागदावर लिहायला सांगा. एकदाच ऐकून. तिघांचाही जो शब्द सुटतो तिथे मिक्समध्ये काहीतरी त्याच्यावर बसलंय. एकाचाच सुटला तर तो बोलीचा प्रश्न असेल, सोडून द्या. यासाठी मिक्स करणारे लोक निवडू नका, ते शब्दांऐवजी कॉम्प्रेसर ऐकतात. आणि तुम्ही स्वतः ही परीक्षा देऊ शकत नाही. शब्द पाठ असले की ते बुडाले तरी ऐकू येतात.

आता दुसरी गोष्ट. तुकडा २:४० ला फेड होतो. जाखडीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात शाहिराचं आणि त्याच्या गुरूचं नाव असतं. तुमच्या तुकड्यात ते नाही. रिमिक्स तेवढाच असेल तर ज्याने गाणं रचलं त्याचंच नाव कापलं गेलं. ते कडवं ठेवा, चार ओळींचंच असलं तरी. आणि शाहिरांची लेखी परवानगी घेतली आहे का? गाण्याचे शब्द त्यांचे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने वेगळा हक्क असतो. रेकॉर्डर तुमचा होता, एवढ्याने गाणं तुमचं होत नाही. साध्या कागदावर गाण्याचं नाव, रिमिक्स कुठे टाकणार, पैसे आले तर वाटणी कशी, आणि शाहीर, मृदंगवाले, झीलकरी यांच्या सह्या.

---

खाडीपलीकडे (गुहागर)

ताई, शाहिरांशी तोंडी बोलणं झालं होतं. कागद उद्या करतो, मृदंगवाल्यांचं आणि झीलकऱ्यांचं नावही घालतो. शेवटचं कडवं परत आणलं.

दुसरी आवृत्ती जोडली आहे, वेव्ह. टेम्पो मार्कर अठरा लागले. मूळ ० वर, डेमक्सचा आवाज उणे ६. किक एकूण ७ डीबी खाली आली. बेस आणि पॅड २० सेंट चढे. १०० आणि १५० ला नॉच. झील मोनो अधिक रिव्हर्ब. लिमिटर नाही, शिखर उणे ५.८. तिघांनी शब्द लिहिले: १:३४ चा एक शब्द तिघांचाही सुटला, बाकी सगळे आले. अपलोडसाठी किती मोठं करू?

---

पांढरी चार (रत्नागिरी)

मृदंग आला. ०:४८ ला आता धूम आधी ऐकू येते आणि किक तिच्या खाली, हेच हवं होतं.

अपलोड आणि मांडव यांच्या दोन वेगळ्या फाइल करा. यूट्यूब मोठ्या फाइली साधारण उणे १४ एलयूएफएसवर खाली आणतं, म्हणून तिथे उणे ७ ला दाबून हाती काही लागत नाही. अपलोडसाठी उणे १३ ते १४, ट्रू-पीक उणे १, लिमिटरचा दाब २ डीबीच्या आत. मांडवाची फाइल लिमिटरशिवायच द्या, सेटवाल्याकडे फेडर आहे.

१:३४ चा शब्द पॅडमुळे जातो. तिथे पॅडचा एक सूर ४०० हर्ट्झच्या जवळ आहे आणि शाहीर त्याच वेळी खाली उतरतात. पूर्ण पॅड कमी करू नका, मिडीत तेवढा एक सूर वर घ्या किंवा काढा. आणि २:१२ ला झांज अजूनही दोन ठिकाणी आपटते. तिथे गायन नाही, म्हणून मॉड्युलेशन चालत नाही. त्या दोन ठोक्यांना आयटमवर हाताने ३ डीबी खाली घ्या.

---

धूम आणि चाट (संगमेश्वर)

शेवटच्या कडव्याला किक १६ मात्रा आधी थांबवून पाहा. नावं येतात तिथे फक्त मृदंग आणि झील राहू द्या.